मागच्या सीटवरचं माणूस

यंत्रं अजून माणसांशी बोलत होती, त्या काळात तोरसकर मास्तरांनी लांबच्या प्रवासाची नवी मोटारसायकल घेतली. बायकोला, म्हणजे इंदुताईंना, हंपी दाखवायची होती. पण आधी गाडी सजवायला ते गॅरेजात गेले.

"मला बसवा," फळीवरचं बुटकं हँडल म्हणालं. "वाकून बसलात की वाघ दिसाल."

"वाघाच्या कंबरेला विचारलंत का?" गाडीचं मूळचं उंच हँडल पुटपुटलं.

"आणि मला!" चकचकीत सायलेन्सर म्हणाला. "तीन गावं वळून बघतील."

"मास्तर, मग मागून ताई काय बोलतात ते ऐकू येणार नाही," मोटारसायकलने बजावलं.

मास्तरांना ही अडचण न वाटता सोय वाटली. त्यांनी दोन्ही बसवून घेतली.

घाटातल्या टपरीवर चहा झाला. मास्तर वाघासारखे वाकले, सायलेन्सर गरजला. "अहो थांबा, मी बसले नाही!" इंदुताई ओरडल्या. "मास्तर, मागे कोणी नाही!" गाडीही ओरडली. तीन गावांनी वळून पाहिलं. अकराव्या किलोमीटरला, अवघड वळणावर, खांद्यावर नेहमीचा हात पडला नाही, तेव्हा मास्तरांनी मागे पाहिलं.

ते परतले, तेव्हा इंदुताई बाकावर दुसरा चहा पीत होत्या.

"चल," मास्तर म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. जमतंय तुम्हाला."

मास्तरांनी गाडी बंद केली आणि कंबर धरून ते शेजारी टेकले.

"काय म्हणत होतीस?" त्यांनी विचारलं.