चौसष्ट चिठ्ठ्या

"...मग माझ्या विश्वासातच खोट आहे, असं समजायचं का बाई?"

विचारणारे होते गावच्या चर्चचे पाळक एलिया मकासरे. सुगंधाबाई मेथीच्या वाफ्यात बसून गवत काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जेवलास का?"

"उपास आहे."

"कधीपासून?"

"...सोमवारपासून."

त्या दिवशी गुरुवार होता.

सुगंधाबाईंनी मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली आणि निवृत्त होऊन प्रवरेकाठच्या आपल्या गावी आल्या. मी त्यांना खूप वेळा पाहिलंय. घाईत कधी पाहिलं नाही, आणि त्यांचं एखादं काम राहून गेलेलंही पाहिलं नाही. हे त्यांना कसं जमतं, याचं मला अजून नवल वाटतं.

एलिया लहान असताना सुट्टीवर आलेल्या बाई संडे स्कूल घ्यायच्या. हात जोडायला त्यांनीच त्याला शिकवलं. पुढे तो पाळक व्हायला सेमिनरीत गेला, हिब्रू शिकला, ग्रीक शिकला, पहिल्या नंबरानं पास झाला आणि आपल्याच गावच्या चर्चच्या मंडळीचा पाळक होऊन आला. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत हे त्यालाही चांगलं माहीत होतं.

गेल्या रविवारी मात्र तो भर उपासनेतून, प्रार्थना अर्धी टाकून, बाहेर निघून आला होता. घामानं सदरा भिजलेला, हात कापत होते. मंडळी बाकांवर तशीच बसून राहिली.

"तालुक्याच्या डॉक्टरनं ईसीजी काढला," एलिया म्हणाला. "काळीज ठणठणीत आहे म्हणे. टेन्शन घेऊ नका म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं."

"मी मंडळीला दर आठवड्याला सांगतो, चिंता करू नका. आणि माझीच छाती धडधडते. हे ढोंग नाही तर काय?"

बाईंनी मातीचे हात पदराला पुसले.

"नाडी बघू."

"बाई, मी आत्म्याचं विचारतोय."

"आत्मा कुठं राहतो सध्या? याच हातात ना? दे इकडे."

त्यांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. एलिया शाळकरी पोरासारखा उभा राहिला.

"चहा किती होतो दिवसाला?"

"आठ-नऊ कप."

"चालणं?"

"...मोटारसायकल आहे."

"चर्चपासून तुझं घर शंभर पावलं. तिथंसुद्धा फटफटी?"

"वेळ नसतो हो."

"आणि झोप?"

एलियानं खिशातून रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला.

त्या गावच्या चर्चच्या दाराशी लाकडी पेटी आहे. कुणाचं दुखणं, कुणाची सोयरीक, कुणाची परीक्षा... ज्याची त्याची अडचण चिठ्ठीवर लिहून लोक पेटीत टाकतात. आधीचे पाळक रविवारी सगळ्या चिठ्ठ्या वेदीवर ठेवायचे, सगळ्यांसाठी मिळून एक प्रार्थना करायचे आणि घरी जेवायला जायचे. एलियाला ते हलगर्जीपणाचं वाटलं. तो चिठ्ठ्या घरी नेऊ लागला. एकेक नाव घेऊन, गुडघ्यांवर, दिवसातून तीनदा प्रार्थना.

"चौसष्ट आहेत," तो म्हणाला. "सात महिने झाले, एक नाव सुटू दिलं नाही."

हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला. हात कापत असले तरी माणसाचा अभिमान काही कापत नाही.

"एकही नाही?" बाईंनी विचारलं.

एलियानं गठ्ठ्याचं रबर बोटाला गुंडाळलं.

"एलिया?"

"एकदा सुटलं. दुपारी तीनची वेळ होती. बसल्याजागी डोळा लागला. उठलो तर रूथबाई साळवे गेल्याचा निरोप आलेला... त्यांची चिठ्ठी माझ्या हातात होती, बाई. मी झोपलो होतो."

बाईंनी गवताची एक काडी उपटली, माती झटकली आणि बाजूला ठेवली.

"रूथच्या उशाशी मी होते," त्या म्हणाल्या. "तिचा हात माझ्या हातात होता. मी टक्क जागी होते आणि प्रार्थना करत होते."

"...तरी गेल्या?"

"तरी गेली."

एलियानं दुसऱ्या खिशातून एक पाकीट काढलं.

"राजीनामा आहे. रविवारी मंडळीच्या पंचांच्या हाती देणार. ज्याला स्वतःला शांती नाही, त्यानं ती दुसऱ्याला कुठून द्यायची?"

बाईंनी पाकिटाकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"मी बावीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "मुलांच्या वॉर्डात घटसर्पाचं एक पोर आलं होतं. माझी कामाची पाळी संपली, मी हलले नाही. दुसरी संपली, तिसरी संपली. सगळे म्हणायचे, काय सेवा करते पोरगी! मलाही तसंच वाटत होतं."

"मग?"

"मग सुई भरली. दुसऱ्याच औषधाच्या बाटलीतली. नव्या पाळीच्या मुलीनं मनगट धरलं, म्हणून पोर वाचलं."

एलियानं पाकीट खाली घेतलं.

"मेट्रन ओरडली नाही. चार्ज दे आणि घरी जा, एवढंच म्हणाली. चार्ज देणं म्हणजे रुग्णांची वही पुढच्या नर्सच्या हाती द्यायची आणि निघायचं. मी म्हणाले, याला सोडून कशी जाऊ? तर म्हणाली, सुगंधा, तू यायच्या आधीही हा दवाखाना होता."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चिठ्ठ्या दे इकडे."

एलियाला हायसं वाटलं. बाईंसारखी दुसरी प्रार्थना करणारी त्या पंचक्रोशीत नव्हती. त्यानं गठ्ठा लगेच पुढे केला.

"तीनची वेळ चुकवू नका, बाई. आणि लोखंडे मामांचं ऑपरेशन आहे, त्यांचं नाव आधी..."

"हात धू," बाई म्हणाल्या. गठ्ठा त्यांनी कमरेला खोचला.

ओसरीवर ताट मांडलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर ताक. एलियानं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आधी मंडळीसाठी, मग तालुक्यासाठी, मग राज्यकर्त्यांसाठी...

"आमेन," बाई म्हणाल्या. "भाकरी निवतेय."

तो जेवला. आधी बळेच, मग हावरटासारखा. दुसरी भाकरी त्यानं स्वतःच मागितली.

परसात लिंबाखाली बाज होती.

"पड जरा."

"आता? भर दुपारी?"

"मी सांगतेय ना."

एलिया आडवा झाला. पाच मिनिटांत उठू, असं त्यानं मनाशी ठरवलं. वरची पानं हलत होती, ती तो मोजू लागला. विसाच्या पुढे त्याची मोजदाद गेली नाही.

जाग आली तेव्हा ऊन परसाच्या भिंतीवरून उतरलं होतं. मनगटावरचं घड्याळ बघून तो ताडकन उठून बसला. चार तास झाले होते!

बाई समोर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"तीनची प्रार्थना झाली ना, बाई?"

"कसली?"

"चिठ्ठ्यांची! तुम्ही चार्ज घेतला होता."

"मी? छे. मी कागद तेवढे घेतले, तुला झोपताना टोचू नयेत म्हणून."

"मग तुम्ही इतका वेळ..."

"वाफा पुरा केला. मग माझाही डोळा लागला. छान झोप झाली बघ."

एलिया बाजेवरून उतरला.

"म्हणजे चार तास... चौसष्ट माणसं... मीही झोपलेलो, तुम्हीही झोपलेल्या..."

बाई जुडी बांधत राहिल्या.

एलियानं सवयीनं छातीवर हात ठेवला आणि वाट पाहिली. नेहमीची धडधड काही आली नाही. पलीकडच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. लोखंडे मामांच्या अंगणातून रेडिओ ऐकू येत होता.

मला एलियानंच हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्या क्षणी बाईंचा रागही आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

शेवटी त्यानं हळूच विचारलं,

"मग मंडळी कुणाच्या हवाली होती, बाई?"

सुगंधाबाईंनी कमरेचा गठ्ठा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"रविवारी तेवढंच सांग लोकांना, कुणाच्या हवाली होती ते. आणि आता घरी पायी जा, फटफटी राहू दे इथं."