धूम्रावतीचा हंडा

एका राज्यात वाहती नदी जागच्या जागी थांबली होती. राजा वीर्यसेनाने डोंगरावरच्या धूम्रावती चेटकिणीच्या गुहेतून सोन्याचा हंडा पळवून आणला, आणि तिने शाप दिला, हंडा परत येईपर्यंत नदी हलायची नाही. पाणी काचेसारखं कठीण झालं. घागरी बुडेनात, विहिरी आटल्या. राजाला हंडा काही सोडवेना; तो झुरून झुरून वारला.

तेव्हा राजकन्या मृणालवती म्हणाली, "हंडा मी नेते."

प्रधान शीलभद्र हात जोडून म्हणाले, "ताईसाहेब, हे आपलं काम नव्हे. धाकटे बंधुराज मोठे होईपर्यंत धीर धरावा."

"तोवर प्रजा तग धरील, प्रधानजी?"

सज्जात बसलेला धनेश पक्षी बोलला, "राजकन्ये, कामं तीन. हंडा उचलायचा, धुक्याचं खोरं ओलांडायचं, धूम्रावतीला खरं उत्तर द्यायचं."

मृणालवतीने हंड्याला हात घातला. हंडा तसूभर हलला नाही. तिचे हात मात्र मनगटापर्यंत दगडाचे झाले. भर दरबारात तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शाप लागल्यापासून एकट्याने उचलणाऱ्याचं असंच होतं," धनेश म्हणाला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

ती तशीच बाहेर गेली. बागेत माळीण रेवाक्का होती, देवडीवर पहारेकरी भैरोजी. दोघांना दगडी हात दाखवून ती म्हणाली, "मला एकटीला जमत नाही. याल?"

दोघं आली. तिघांनी मिळून हात लावताच हंडा टोपलीसारखा हलका झाला आणि तिच्या बोटांत पुन्हा ऊब आली.

खोऱ्यात धुकं इतकं दाट, की शेजारचं माणूस दिसेना. रेवाक्का म्हणाली डावीकडे, भैरोजी म्हणाला उजवीकडे. मृणालवतीने दोघांचं ऐकून घेतलं आणि उजवी वाट धरली. ती वाट कड्यावर संपली. धुक्यातून कुणीतरी तिच्या बापाच्या आवाजात हसलं.

"निर्णय माझा होता, चूकही माझी. मागे फिरू," ती म्हणाली. तिघांनी मिळून हंडा पुन्हा सावरला. ती मागे वळली तसं धुकं विरलं.

गुहेच्या तोंडाशी धूम्रावती उभी होती. "पोरी, शाप उतरला की सिंहासनावर कोण बसणार?"

'बंधुराज' हे उत्तर मृणालवतीच्या ओठांवर आलं होतं. तेच शोभलं असतं. पण ते तिने गिळलं.

"मी. मला राज्य करायचं आहे."

"कशासाठी?"

"मला ते चांगलं करता येईल म्हणून."

धूम्रावती म्हणाली, "हंडा पळवण्याआधी तुझा बाप इथेच म्हणाला होता, मला स्वतःसाठी काही नको. मी खोटं ओळखते." तिने हंडा उतरवून घेतला. खाली दरीत काच तडकल्यासारखा आवाज झाला आणि नदी खळाळत निघाली.

पुढे शुभ दिवस पाहून मृणालवती सिंहासनावर बसली. प्रधानांनी विचारलं, "महाराणी, पहिला हुकूम?"

"नदीकाठापासून जी गावं सर्वांत लांब, तिथे आधी पाट खणा."

प्रधानांनी मान लववून मुजरा केला आणि कुदळी काढायला सांगितल्या.