वेशीवरचा रांजण

एका गावात एक रांजण होता. रांजण आधी आला आणि गाव नंतर वसलं, असं तिथले म्हातारे सांगत. खोटं वाटत असेल तर रांजणालाच विचारा, म्हणत. वेशीपाशी कडुनिंबाखाली तो बसलेला असे. उंची छातीइतकी, तोंडावर लाकडी झाकण. त्यात पाणी कधी भरलं नाही. त्यात गाव बोलत असे.

पद्धत अशी होती. गावच्या नायकाबद्दल कुणाला काही म्हणायचं असलं, की त्याने झाकण उचलायचं, आत तोंड घालून बोलायचं आणि झाकण लावून घरी जायचं. दर अमावास्येला सकाळी नायकाने यायचं आणि रांजणाला कान लावायचा. शेवटी टाकलेला बोल आधी वर येई, मग त्याखालचा, मग त्याच्याही खालचा. ऐकलेला बोल हवेत विरून जाई. न ऐकलेला आतच राही.

नायक निवडायचीही रीत होती. घोंगडीखाली दोन घागरी ठेवत, उभ्या राहिलेल्या दोघांची एकेक. घरटी एक चिंचोका. हात आत घालायचा आणि सोडायचा. कुणाचा चिंचोका कुठे पडला, हे देवालाही दिसू नये अशी ती घोंगडी होती. नंतर कुणी कुणाला विचारायचंही नाही.

एका वर्षी वरच्या आळीचा माणूस नायक झाला. धिप्पाड, बोलका, आणि नाक असं लांब, की तो वळणावर येण्याआधी नाक येई. खालच्या आळीचा माणूस हरला. थोड्याच चिंचोक्यांनी हरला, म्हणून जास्त लागलं.

आता राग काढायचा कुणावर? खालच्या आळीतल्याही काही घरांनी नायकालाच चिंचोका टाकला होता, हे हिशेबावरून उघड होतं. पण ती घरं कोणती? सख्खा भाऊ असेल, विहिरीवर दोराला हात लावणारी शेजारीण असेल. त्यांच्याशी भांडावं तर रोज तोंड बघायचं. नायक मात्र सगळ्यांना सोयीचा होता. एकटा, उंचावर बसलेला, लांबून दिसणारा. सगळा राग त्याच्याकडे निघाला.

पहिल्या पंधरवड्यातच रांजण भरू लागला. कामाबद्दल बोलायचं तर काम माहीत असावं लागतं. नाकाबद्दल बोलायला काहीच लागत नाही. "त्याच्या नाकावर कावळ्यांची शाळा भरते," एकाने बोल टाकला. दुसऱ्याने चाल काढली, तिसऱ्याने आई काढली. लोक जेवून झाल्यावर पान खायला जावं तसे रांजणाकडे जाऊ लागले.

पहिल्या अमावास्येला नायक मेजवानीला गेला होता. दुसऱ्या अमावास्येला त्याने कान लावला, तो वरच नाक आलं. मग चाल. मग आई. तो ताडकन उठला.

"यात ऐकण्यासारखं काही नाही," तो म्हणाला.

पुन्हा तो आला नाही. उलट वरच्या आळीत पारावर बसून सांगू लागला, "बघा, मला शिव्या देतात. म्हणजे कुणाला देतात? तुम्हालाच!" आळी खवळे आणि त्याला आणखी चिकटून बसे. खरं सांगायचं तर पुढे पुढे त्याला त्या शिव्या गोडच लागू लागल्या. त्यांच्याशिवाय त्याचं भाषण रंगत नसे.

खालच्या आळीत एक पाथरवट होता. नायकाला शिव्या देण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. इतर जण सणावारी देत, हा रोज देई. नायकाचं तोंड बघणार नाही, अशी त्याने शपथ घेतली होती. नायक समोरून आला तर हा भिंतीकडे तोंड करून उभा राही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं झाली होती, कदाचित त्यालाही आठवत नसेल.

गावाच्या वर तळं होतं आणि तळ्याला मातीचा बांध. बांधाच्या पोटातून पाणी सोडायची दगडी मोरी. बांधाखाली पहिलं घर पाथरवटाचं. त्या साली त्याची मुलगी येसू बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ अकरा दिवसांचं होतं.

एका सकाळी पाथरवट मोरीपाशी गेला आणि थबकला. मोरीच्या कडेने पाणी झिरपत होतं. झिरपायचं नेहमीच, पण स्वच्छ. आज ते गढूळ होतं. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून वाहून चाललाय, हे पाथरवटाला सांगावं लागत नाही.

मोरीचं दार उघडून तळं उतरवायला हवं होतं. पण मोरीची किल्ली नायकाकडे.

तो तसाच निघाला. नायकाच्या अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत गेला. नायक ओट्यावर दाढी करून घेत होता. ते नाक दिसलं आणि पाथरवटाचे पाय थांबले. शपथ आठवली. आळीतले लोक काय म्हणतील तेही आठवलं.

"कोण आहे रे तिकडे?" नायकाने विचारलं.

"खालच्या आळीचा पाथरवट दिसतोय," न्हावी म्हणाला.

"मग रांजणात बोल म्हणावं. त्याची जागा तीच."

पाथरवट भिंतीकडे तोंड करून क्षणभर उभा राहिला. मग वळला आणि खरंच रांजणाकडे गेला. झाकण उचललं आणि आत तोंड घालून सगळं सांगितलं. झाकण लावलं. आपण आपलं काम केलं, असं त्याला वाटलं. अमावास्या तीन दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बांध फुटला.

आधी म्हशींनी दावी तोडली. त्या ओरडण्याने लोक बाहेर आले, म्हणून माणसं वाचली. खालच्या आळीची चाळीस घरं मात्र पुसून गेली. वरच्या आळीची घरं राहिली, पण तळं गेलं, आणि त्यांचा उभा ऊस तळ्यावरच जगत होता.

पाणी ओसरलं तेव्हा येसू वेशीवरच्या कडुनिंबाच्या फांद्यांच्या बेचक्यात सापडली. बाळ पदराने पोटाशी बांधलेलं होतं. रडत होतं, म्हणजे जिवंत होतं. पाथरवटाने दोघांना खाली उतरवलं. तिथेच नायक आला, सगळं गाव आलं.

येसूने बापाच्या पायांकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"आबा, तुम्ही काल मोरीपाशी गेला होतात. पाणी गढूळ नव्हतं?"

"होतं, बाई."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना," पाथरवट म्हणाला. "रांजणात."

तेवढ्यात चिखलात कलंडलेला रांजण तडकला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

बोल बाहेर येऊ लागले. सगळ्यात वरचा आधी आला. "नायका, पाणी गढूळ येतंय. माझी लेक अकरा दिवसांची बाळंतीण आहे. किल्ली द्या." मग आल्या शिव्या. नाक, चाल, आई. नऊ वर्षांच्या शिव्या, एकेकाच्या ओळखीच्या आवाजात. ज्याचा आवाज येई तो मान खाली घाली. ऊन कललं तरी त्या संपेनात. बाळ त्यातच झोपी गेलं.

सगळ्यात शेवटी तळाचा बोल आला. आवाज तरुण होता, आर्जवी होता. ओळखायला वेळ लागला, पण होता पाथरवटाचाच.

"नायका, आमच्या आळीत कुणाला सांगू नका, पण माझा चिंचोका मी तुम्हालाच टाकला. तुम्ही काही कराल असं वाटलं. सकाळी दारात आलो होतो. तुम्ही हार घालून घेत होतात, रांजणात बोल म्हणालात. तर बोलतो. मोरीचा एक दगड हललाय. आठ माणसं आणि एक दिवस पुरेल. मी वाट बघतो."

बोल विरून गेला. खालची आळी पाथरवटाकडे बघत राहिली. नायक रिकाम्या खापराकडे.

"आठ माणसं," नायक पुटपुटला. "आणि एक दिवस."

"तुम्ही ऐकलं नाहीत," पाथरवट म्हणाला.

"मी ऐकलं नाही. आणि तू वर इतकं काही टाकलंस, की कुणाला ऐकूच येऊ नये."

बांध पुन्हा घालायला दोनशे माणसं आणि दोन उन्हाळे लागले. नवा रांजण कुणी बसवला नाही. पाथरवट दर अमावास्येला नायकाच्या ओट्यावर जाऊ लागला.

पहिल्या खेपेला तो बराच वेळ घुटमळला. मग नायकाच्या तोंडाकडे सरळ बघून म्हणाला, "नायका, तुमचं नाक मला अजून बघवत नाही."

"नको बघूस," नायक म्हणाला. "पाणी कसं आहे ते सांग."

"स्वच्छ आहे," पाथरवट म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्या ओट्यावर बसला.

तात्पर्य एवढंच: माणसाच्या द्वेषाच्या तळाशी बहुधा एखादी न ऐकलेली विनंती असते. नायकाने शिव्यांच्या खाली हात घालून ती शोधावी, आणि विरोधकाने तिच्यावर शिव्या रचू नयेत. बांध फुटतो तेव्हा पाणी कुणाचा चिंचोका कुठे पडला ते विचारत नाही.