अकरा दिवसांचा महंत

सावरखिंडीच्या मठामागे सतरा महंतांच्या समाध्या आहेत. सोळांवर दगडी छत्री आहे, पादुका आहेत. टोकाची ही सतरावी म्हणजे नुसती काळी शिळा. पायातलं काढा आणि हळू बोला. ही भिकनाथबाबांची.

फार जुनी गोष्ट. मोठे महंत वारले आणि गादीसाठी त्यांच्या दोन शिष्यांत जुंपली. मठाच्या अंगणात तलवारी निघाल्या म्हणे. शेवटी दोघांनी मिळून मुदपाकखान्यातल्या सत्तरीच्या भिकनाथांना गादीवर बसवलं. म्हातारा वर्षभरात जाईल, तोवर आपापली माणसं जमवू, असा बेत.

त्या साली दुष्काळ होता. मठाच्या दारात माणसं मरत होती आणि आत धान्याची पेवं भरलेली. तिसऱ्या दिवशी भिकनाथांनी पेवं उघडली. जन्मभर ज्यानं रांधून वाढलं, त्याला दुसरं काय सुचणार? गेनू ढोलवाल्याची दोन पोरं त्याच पेजेवर उठून बसली, असं सांगतात.

अकराव्या दिवशी शिष्यांनी दवंडी पिटवली, बाबा जिवंत समाधी घेणार! गाव लोटला. गेनूला ढोल वाजवायला खड्ड्याच्या अगदी काठाशी उभं केलं होतं. बाबांना दोघांनी दंडाला धरून आणलं. ते गेनूकडे बघून म्हणाले, "गेनू, मी हे मागितलं नाही रे."

गेनूचा हात थांबला.

"वाजव," थोरला शिष्य त्याच्या कानाशी म्हणाला. "थांबलास तर तुझी पोरंही बाबांच्या सोबतीला जातील."

गेनू वाजवू लागला. बाबांना खड्ड्यात उतरवलं. खाली त्यांचे ओठ हलताना दिसत होते. लोकांना वाटलं, नामस्मरण चाललंय. त्यांनी हात जोडले, फुलं उधळली. हाका ऐकत होता एकटा गेनू, पण शब्द त्याच्याच ढोलाखाली बुडत होते. शिळा सरकवली तरी त्या येतच राहिल्या, तसा तो आणखी जोरानं बडवत गेला. दिवस मावळला तेव्हा त्याची बोटं फुटली होती. हाका कधी थांबल्या, ते त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेवं बंद झाली. ते दोघे शिष्य एकामागून एक गादीवर बसले, सुखानं म्हातारे झाले. त्यांच्या छत्र्या त्या तिथे, चाफ्याखाली. गेनूनं मात्र पुन्हा ढोलाला हात लावला नाही.

आजही माघ वद्य एकादशीला इथे कसलंही वाद्य वाजत नाही. गेनूच्या घराण्यातला वडीलधारा येतो, शिळेला कान लावतो आणि विचारतो, "बाबा, काय म्हणत होता?" मग उत्तराला वेळ द्यायचा, म्हणून सगळा गाव गप्प उभा राहतो.