चौकडीची खोळ

"मग हा सलाम कुणाला, उस्ताद?"

एडिंबराहून शिकून आलेल्या शाल्मलीला वाटलं होतं, आपला प्रश्न ऐकून म्हातारा हादरेल. दौलू उस्ताद तर खोळीवरची धूळ झटकत बसले होते.

पलटणीच्या बँडमध्ये आयुष्य काढलेले उस्ताद आता बेळगावात, आपल्या अंगणात बॅगपाइप शिकवत. वाजवण्याआधी पाइपच्या पिशवीवरच्या हिरव्या-निळ्या चौकडीच्या खोळीला सलाम ठोकायचा, हा त्यांचा शिरस्ता. दम उरला नाही, म्हणून आज ते आपला पाइप शाल्मलीच्या हवाली करणार होते. अट एकच... सलाम.

"खोट्याला मी सलाम करणार नाही."

"खोटं काय आहे, पोरी?"

"म्हणे एडिंबराकडच्या शूर घराण्याची पुरातन चौकडी! अहो, तिथल्या सरकारनं पलटणींना वाटलेलं कापड हे. कितीतरी चौकड्यांना गिरणीत नुसते नंबर होते. घराण्यांची नावं मागाहून चिकटवली."

"बरं शिकलीस."

"...राग नाही आला?"

"खरं बोललीस. राग कशाचा?"

उस्तादांनी खोळ काढली आणि उलटी केली.

आतून ती जागोजाग रफू केलेली होती. कोपराखाली जिथे दाब पडतो, तिथे तर टाक्यांवर टाके.

"हा काळा दोरा माझ्या उस्तादांचा. पांढरा त्यांच्या उस्तादांचा."

"आणि हा खाकी?"

"कुणास ठाऊक."

शाल्मलीनं खाकी टाक्यांवरून बोट फिरवलं. कुणीतरी फार जपून घातले होते. पुढच्याच्या हाताखाली पिशवी निसटू नये म्हणून... आणि तो पुढचा कोण, हे त्याला माहीत नसताना.

तिचं बोट एका भोकात अडकलं.

"ते माझं," उस्ताद म्हणाले. "डोळ्यांना सुई दिसत नाही आता."

शाल्मली खोळ घरी घेऊन गेली.

सकाळी उठल्या उठल्या तिचं ठरलं. एडिंबरात हौसेनं घेतलेला, 'अस्सल घराण्याचा' म्हणून विकलेला चौकडीचा मफलर तिनं काढला, त्यातला पिवळा धागा ओढला आणि भोक रफू केलं.

अंगणात येऊन तिनं पाइपवर खोळ चढवली. हात कपाळाशी नेला. हात तिथेच थांबला.

"उस्ताद... कुणाला करू?"

"कर तू. ज्याचा असेल, तो घेईल."