दार नसलेलं खुराडं

माणसं नुकती कुठे कबुतरं पाळायला शिकली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका गच्चीवर शंभर पाळीव कबुतरं राहत. एकदा एक म्हातारा रानपारवा तिथल्या कठड्यावर टेकला आणि दूरच्या राज्याची कथा सांगू लागला. "तिथं प्रत्येक पाखराच्या पायात खुणेचं कडं असतं. ससाणे रात्रंदिवस पहारा देतात. कोण कुठं उडालं, राजाला सगळं कळतं."

कबुतरं श्वास रोखून ऐकत होती. कबरी नावाची कबुतरी शहारली. "बुवा, ती बिचारी पळून का जात नाहीत?"

"उडाली तर ससाणे, आणि उतरली की पिंजऱ्यांना कुलपं आहेत ना!"

"आमचं नशीबच थोर म्हणायचं," कबरी म्हणाली. "आमच्या खुराड्याला दारसुद्धा नाही."

इतक्यात मालकानं शीळ घातली. शंभरच्या शंभर कबुतरं एकदम उडाली, आभाळात रुपेरी लाटेसारखी एकत्र वळली आणि ओळीनं खुराड्यात शिरली. शिरताना प्रत्येकाच्या पायातलं कडं उंबऱ्यावर वाजलं.

पारवा थक्क झाला. इतकं देखणं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"त्या राजाला ससाणे लागतात," तो पुटपुटला.

मग त्याचं स्वतःकडे लक्ष गेलं. शीळ ऐकताच त्याचेही पंख उघडले होते.