राणीमाशीवरचा दुसरा ठिपका

एकदा एका उंच पठारावर, जिथे जांभूळ आणि हिरड्याचे रान नजर पोहोचेल तिथवर पसरले होते, एक वृद्धा मधमाश्या पाळीत असे. सारा मुलूख त्यांना माई म्हणे. माईंची दृष्टी मंदावली होती, बोटांना कंप सुटला होता. परंतु पेटीला कान लावून आतल्या माश्या सुखात आहेत की त्रासलेल्या, हे त्या अजूनही अचूक सांगत.

त्यांच्यापाशी श्रीपत नावाचा एक शिष्य होता. वयाने कोवळा नव्हे, चाळिशी गाठलेला गृहस्थ. पूर्वी तो देवांच्या मूर्तींचे डोळे रेखीत असे. मूर्ती कुणीही घडवो, डोळ्यांसाठी बोलावणे श्रीपतलाच येई. श्वास रोखून तो कुंचला टेकवी आणि मातीला जणू दृष्टी फुटे. पुढे साच्यातल्या, आयत्या रंगवलेल्या मूर्ती आल्या, त्याचे काम आटत गेले, आणि एके दिवशी पठार चढून तो माईंच्या दारी आला. हातातली कला तशीच होती. हाताचा अभिमानही तसाच होता.

त्या वर्षी खोऱ्यावर मोठे संकट येऊन गेले होते. माश्यांच्या अळ्या पोळ्यातच कुजून मरू लागल्या आणि पाहता पाहता गावोगावच्या पेट्या ओस पडल्या. जांभळी फुलल्या, तरी रानात गुणगुण ऐकू येईना. माईंच्या अंगणातल्या पेट्याही गेल्या. एक तेवढी तगली. तिच्या राणीत काय बळ होते देव जाणे, पण तिची संतती त्या रोगाला पुरून उरली. थंडीत राणीने अंडी घालणे थांबवले होते. आता फुलोऱ्याबरोबर ती पुन्हा सुरुवात करील, तिच्या पोटच्या लेकी नव्या राण्या होऊन रिकाम्या पेट्यांत जातील, या एका आशेवर साऱ्या खोऱ्याचे डोळे त्या पेटीकडे लागले होते.

माई म्हणाल्या, "श्रीपत, राणीला खूण करायला हवी. माश्या कधी कधी गुपचूप राणी बदलतात. रोगातून तरली ती हीच, की ही दुसरी, हे आपल्याला कळायला पाहिजे. माझ्या हाताचा आता भरवसा नाही. तू कर."

श्रीपतच्या छातीत आनंद मावेना. मागच्या फुलोऱ्यात नरमाश्यांच्या पाठीवर ठिपके देऊन त्याने हात बसवला होता. परंतु राणीची गोष्ट निराळी. त्याने लाखेत पांढरा रंग खलला आणि आपल्या जुन्या कुंचल्यांतला सर्वांत बारीक निवडून काढला.

"गवताची काडी पुरेल," माई म्हणाल्या.

"कुंचल्याने नेमका बसतो, माई."

माईंनी माश्यांसाठी पाण्याची परात भरून पेटीशेजारी ठेवली.

दुपारचे ऊन स्वच्छ होते, वारा पडलेला होता. श्रीपतने पेटीला हलका धूर दिला, झाकण काढले आणि एकेक चौकट उचलून पाहू लागला. तिसऱ्या चौकटीवर राणी दिसली. लांबट, तांबूस काळी, संथ. तिच्याभोवती कामकरी माश्या तोंडे आत करून उभ्या होत्या. त्याने दोन बोटांत तिला अलगद उचलले. तिच्या इवल्याशा शरीराची धडपड बोटांना जाणवली. साऱ्या खोऱ्याची आशा आपल्या चिमटीत आहे, हे त्याला कळत होते.

त्याने श्वास रोखला, कुंचला टेकवला. राणीच्या पाठीवर पांढरा ठिपका उमटला.

"लागला?" माईंनी विचारले.

"लागला."

"मग वाळू दे, आणि सोड."

श्रीपतने ठिपक्याकडे पाहिले. तो मधोमध नव्हता. किंचित डावीकडे सरकला होता आणि कडेला जरासा तुटलाही होता. इतकी वर्षे देवांचे डोळे रेखणाऱ्या हाताचा हा ठिपका! उद्या गावोगावचे लोक पेटी पाहायला येतील, काय म्हणतील?

"श्रीपत, सोड तिला."

"एक क्षण, माई." त्याने पुन्हा कुंचला बुडवला आणि पहिल्यावर दुसरा ठिपका दिला. आता तो गोल झाला, मधोमध आला. पण रंग जास्त झाला होता. एक ओघळ राणीच्या मानेकडे उतरला. श्रीपतने तो घाईघाईने बोटाने टिपला, आणि माईंची तिसरी हाक येताच राणीला ओलीच चौकटीवर सोडले.

ती चार पावले चालली. जवळच्या माशीने तिला मिशांनी चाचपले आणि ती माशी दचकून मागे सरली. दुसरीने चाचपले. तिसरीने तिचा पाय धरला. बघता बघता दहा-वीस माश्या तिच्यावर तुटून पडल्या, त्यांच्यावर आणखी, त्यांच्यावर आणखी. राणी दिसेनाशी झाली. चौकटीवर माश्यांचा लिंबाएवढा घट्ट गोळा तेवढा उरला, आणि त्यातून तव्यावर पाणी पडावे तसा चरचर आवाज येऊ लागला.

"माई! त्या तिला मारतायत!" श्रीपत ओरडला आणि माश्या ओढून काढायला त्याने गोळ्यात बोटे घातली. दोन डंख बसले. माश्या सुटल्या नाहीत. गोळा आणखी आवळला.

"हात काढ!" माईंचा एवढा चढलेला आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. त्यांनी त्याचे मनगट बाजूला लोटले, कापऱ्या ओंजळीत तो सबंध गोळा खरवडून घेतला आणि शेजारच्या पाण्याने भरलेल्या परातीत टाकून दिला.

श्रीपतला क्षणभर वाटले, म्हातारीची बुद्धी फिरली. "अहो, बुडेल ना ती!" तो परातीकडे झेपावला. माईंनी आडवा हात धरला.

"थांब."

गोळा पाण्यात तरंगत होता. मग बाहेरची एक माशी सुटली, पंख फडफडवीत काठाकडे निघाली. दुसरी सुटली. आणि एकाएकी सारा गोळा उकलला. जी ती स्वतःचा जीव घेऊन निराळी झाली, आणि मध्ये, पाय आखडलेली, निश्चल, राणी उरली.

माईंनी जांभळीच्या पानावर तिला उचलून तळहातावर घेतले. हात उन्हात धरला. त्यावर त्या हळूहळू फुंकर घालीत राहिल्या. राणी हलेना. श्रीपत त्या तळहाताकडे पाहत राहिला. माईंच्या तोंडाकडे पाहायचे धैर्य त्याला झाले नाही. बऱ्याच वेळाने राणीचा मागचा एक पाय थरथरला. मग पोट हलले.

माईंनी बांबूच्या कामट्यांचा आणि जाळीचा एक लहानसा पिंजरा काढला. त्याला त्याच पेटीतला मध माखला, राणीला आत ठेवले आणि पिंजरा दोन पोळ्यांच्या मध्ये टांगून झाकण लावले.

"मी सांगेपर्यंत हे झाकण उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू इथं बसायचंस."

"बसून काय करू?"

"काही नाही करायचं. म्हणून तर बसायचंय."

श्रीपत बसला. आयुष्यात त्याने एवढे अवघड काम केले नव्हते. पेटीतून कधी गुणगुण येई, कधी ती वाढे, कधी एकदम थांबे. आणि थांबली की त्याचा जीव टांगणीला लागे. माश्या पिंजऱ्याला चावत असतील काय? जाळीतून नांग्या खुपसत असतील काय? नुसते झाकण बोटभर उचलले तर कळेल. बोटभरच. त्याचा हात पेटीपर्यंत जाई आणि परत येई.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावची तानूबाई रिकामी पेटी डोक्यावर घेऊन घाट चढून आली. रोगात तिच्या साऱ्या माश्या गेल्या होत्या. पेटी उतरवून तिने विचारले, "राणी बरी हाय न्हवं? खाली समदी तिचीच वाट बघत्यात."

श्रीपतने घडले ते जसेच्या तसे सांगितले. आपण दुसरा ठिपका दिला, हेही सांगितले.

तानूबाईचा चेहरा उतरला. "मग उघडून बघ की! जित्ती हाय का मेली, एवढं तरी कळंल."

"माईंनी सांगितल्याशिवाय नाही."

"माई घरात बसल्यात. त्यांना कोण सांगाय जातंय? जरा वर उचल, मी बघते."

तिचा हात झाकणाकडे गेला. श्रीपतने त्या हाताकडे पाहिले. त्यात कपट नव्हते. काळजी होती, घाई होती. त्याने तिच्या बोटांवर आपला तळवा ठेवला.

"नको, तानूबाई. धूर, ऊन, आपला वास, सगळं आत जाईल. पुन्हा बिथरल्या तर आता वाचायची नाही ती."

"मेलीच असंल," ती फणकाऱ्याने म्हणाली. "म्हणून दाखवंनास. एवढ्या लोकांच्या तोंडचा घास घालवलास आणि वर शहाणपण शिकवतोस!"

शब्द वर्मी लागला. झाकण उघडले असते तर ते खोटे ठरवता आले असते. निदान ठरवायचा प्रयत्न करता आला असता. श्रीपत मान खाली घालून म्हणाला, "घालवला असेन. तरी उघडणार नाही."

तानूबाई रिकामी पेटी तिथेच टाकून निघून गेली. आणि नवल असे, की त्यानंतर श्रीपतचा हात पेटीकडे गेला नाही. भीती होतीच. पण ती आता शेजारी बसली होती, हात धरून ओढत नव्हती.

पुढच्या सकाळी माई आल्या. "उघड," त्या म्हणाल्या.

पिंजरा माश्यांनी वेढलेला होता. "बोट फिरव," माई म्हणाल्या. "वैर असलं तर चिकटून बसतील. नसलं तर वाट देतील."

त्याने बोट पुढे केले. माश्या तांदळाच्या दाण्यांसारख्या सहज बाजूला सरल्या. जाळीतून त्या सोंडा आत घालून राणीला भरवीत होत्या. त्याने पिंजऱ्याचे दार काढले. राणी बाहेर आली, आणि साऱ्याजणी तोंडे तिच्याकडे करून भोवती उभ्या राहिल्या.

श्रीपत पेटीशेजारी खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. काही वेळाने त्याने विचारले, "माई, पाण्यात का टाकलंत?"

माई शेजारी बसल्या. "अरे, पेटीत अंधार असतो. ठिपका गोल की वाकडा, त्यांना काय त्याचं? त्या आईला वासानं ओळखतात. तुझा रंग, तुझं बोट तिच्यावर इतकं चढलं, की घरात कुणी परकी शिरली असं त्यांना वाटलं. आईला जपायच्या भरात त्या आईलाच मारायला निघाल्या. आता सांग, पहिला ठिपका कशासाठी होता?"

"तिची ओळख पटावी म्हणून."

"आणि दुसरा?"

श्रीपतने आपल्या बोटावर वाळलेल्या पांढऱ्या डागाकडे पाहिले. "माझी ओळख पटावी म्हणून," तो म्हणाला.

माईंनी मान हलवली. "आवळलेली मिठी ओढून सुटत नाही, बाबा. ओढावी तशी घट्ट होते. पाण्यात पडली की जिला तिला आपला श्वास आठवतो, आणि धरलेलं आपोआप सुटतं. तुलाही मी या झाकणाशी बसवलं ते त्यासाठीच. ते तुझं पाणी होतं."

राणीने अंडी घातली. हिरडा फुलेपर्यंत तिच्या लेकी राण्या होऊन वेगवेगळ्या पेट्यांत नांदू लागल्या. त्यांतली एक, तानूबाई टाकून गेली होती ती पेटी, श्रीपतने स्वतः डोक्यावर घेतली आणि घाट उतरून तो तिच्या परसात आला. तिने जागा झाडून ठेवली होती. पेटी मांडून होताच ती ओशाळून म्हणाली, "त्या दिवशी लई बोलले बघ मी."

"खरं तेच बोललात."

"आता रोज काय काय करायचं, त्ये सांग. झाकण कवा काढायचं? आत कवा बघायचं?"

श्रीपत पेटीपासून थोडे अंतर सोडून जमिनीवर बसला. शेजारची जागा त्याने हाताने साफ केली.

"आधी बसा," तो म्हणाला.

तानूबाई पदर सावरून बसली. थोड्या वेळाने पेटीच्या दारातून एक माशी बाहेर आली, हवेत अधांतरी थांबून तिने घराकडे तोंड केले, नवी जागा नीट पाहून घेतली, आणि मग ती रानाकडे निघाली.